रिझल्टच्या दिवशी साईट झोपते, सर्व्हर वाढवूनही फरक नाही

रात्रपाळी_देव
मंडळी मदत करा. एका कोचिंग क्लासचं पोर्टल सांभाळतो, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस, म्हणजे डीबी). एरवी लोण्यासारखं चालतं पण टेस्टचा रिझल्ट लागला की संध्याकाळी ७ ला १८ हजार पालकांना एकदम मेसेज जातो आणि ७ वाजून १ मिनिटाला सगळं आडवं. आधी "टू मेनी क्लायंट्स" असा एरर यायचा, म्हणून मॅक्स कनेक्शन्स (डीबीला एका वेळी किती जोडण्या चालतील ती मर्यादा) १०० चं ५०० केलं, चार ॲप सर्व्हरवर गनिकॉर्नचे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) प्रत्येकी ४० चे १०० केले, डीबीचं मशीन ४ कोरचं ८ कोर घेतलं. एरर गेला पण आता पान उघडायला २० सेकंद, डीबीचा सीपीयू १०० टक्के. साहेब म्हणतात अजून मोठं मशीन घ्या. घेऊ का?

डीबीवाला_काका
थांब, पैसे नको घालवू. पोस्टग्रेसमधे प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस. ८ कोरवर एका वेळी कामं होणार ८ च, बाकीची ३९० जणं नुसती धक्काबुक्की करणार. आधीचा एरर त्रासदायक होता पण निदान दार बंद करत होता, तू दारच काढून टाकलंस. साधा हिशोब कर, सेकंदाला १५० रिक्वेस्ट आल्या आणि प्रत्येकीने डीबी २ सेकंद अडवला तर एका वेळी ३०० कनेक्शन लागणार, तीच २० मिलिसेकंदात सुटली तर फक्त ३. म्हणजे कनेक्शन कमी पडतायत हे लक्षण झालं, दुखणं क्वेरीत (डीबीला विचारलेल्या प्रश्नात) आहे. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (कुठल्या क्वेरीला किती वेळ लागला ते नोंदवणारं एक्स्टेन्शन) चालू कर, टोटल टाइमने सॉर्ट करून वरच्या दोन-तीन क्वेऱ्या इथे टाक.

पुणेरी_बॅकएंड
काकांशी सहमत, फक्त तोवर मधे पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) बसव, ट्रान्झॅक्शन मोडमधे (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला), डीबीकडे २०-२५ कनेक्शन बास. जँगो असेल तर सर्व्हर साइड कर्सर (मोठा डेटा डीबीकडून तुकड्यातुकड्याने आणायची सोय) बंद करायची सेटिंग आहे ती करायला विसरू नकोस, आम्ही विसरलो होतो आणि एक्सपोर्टचं पान अधूनमधून फुटायचं, दोन दिवस गेले शोधण्यात.

रात्रपाळी_देव
काका, सापडलं बहुतेक. वरची क्वेरी रँकची निघाली. मुलाने पान उघडलं की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीत आपल्यापेक्षा जास्त मार्क किती जणांना ते मोजतो, आणि ओव्हरऑल रँकसाठी सगळ्या मुलांची बेरीज. इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे तरी हळू.

डीबीवाला_काका
अरे बाबा 😄 इंडेक्स काय करणार, बेरजेसाठी १८ हजार गुणिले ३ म्हणजे ५४ हजार ओळी वाचायच्याच आहेत ना, आणि त्या प्रत्येक पालकासाठी नव्याने, वर तेच पालक पान उघडत नाही म्हणून चार वेळा रिफ्रेश मारणार. रिझल्ट एकदा जाहीर झाला की बदलतो का? नाही. मग पब्लिश करतानाच विंडो फंक्शनने (सगळ्या ओळींवर एकदम हिशोब करणारं एसक्यूएल फंक्शन) रँक एकदा काढ आणि वेगळ्या टेबलात लिहून ठेव. रँक वापर, डेन्स रँक (बरोबरीनंतरचे नंबर न गाळणारी) नको, म्हणजे सारखे मार्क असले तरी आत्ता दिसतो तोच नंबर येईल, नाहीतर पालकांचे फोन तुलाच. मग पानाला एका ओळीचं काम उरतं. री-चेकिंगमधे मार्क बदलले तर त्या टेस्टचं टेबल परत भरायचं, बस.

कोकणी_कोडर
आणि मेसेज एकदम कशाला? १० मिनिटांत थोडे थोडे सोडा ना. फुकटातला उपाय आहे.

रात्रपाळी_देव
साहेबांना विचारलं, नाही म्हणाले, एका बिल्डिंगमधल्या दोन पालकांना वेगवेगळ्या वेळी मेसेज गेला की भांडणं होतात म्हणे. असो. रँकचं टेबल केलं, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) सेकंदाला २०० रिक्वेस्ट मारल्या, डीबीचा सीपीयू १५ टक्क्यांच्या वर गेला नाही. वर्कर परत ४० वर आणलेत, बाउन्सर उद्या लावतो. रविवारी टेस्ट आहे, सोमवारी ७ वाजता लॅपटॉप उघडून बसतोय, काय होतं ते इथेच कळवतो.