जनुकबदलाला विरोध करताना इच्छाशक्तीची ढाल कशाला?

अनुबंध
जनुकीय फेरफारांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माणसानं स्वतःच्या जिद्दीवर पुढं यावं, जनुकं बदलून कसलं आलंय पुढं येणं!" मला हे वाक्य क्रूर वाटतं. का ते सांगतो.

१९९७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी एकाच नात्यातल्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांची भूक कधी भागतच नव्हती. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की साठा पुरेसा आहे, आता थांब. या मुलांच्या लेप्टिनच्या जनुकातलं एक अक्षर गळलं होतं. एकच. त्यामुळे मेंदूच्या लेखी ती कायम उपाशी होती. पुढं त्या मुलीला लेप्टिनची रोजची इंजेक्शनं सुरू केली, भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागलं. तिला आधी कुणी "मनावर ताबा ठेव" म्हणालं असेल तर त्या उपदेशाला काय अर्थ होता?

आता पुढची पायरी. मनावरचा ताबा तरी कुठून येतो? जुळ्यांवरच्या अभ्यासांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात माणसामाणसांतल्या आत्मसंयमाच्या फरकांपैकी साधारण ६० टक्के फरक आनुवंशिक निघाला. म्हणजे जिद्दही काही अंशी जन्मतःच मिळते. ज्याला ती मिळाली तो स्वतःची पाठ थोपटतो, ज्याला नाही मिळाली त्याला आपण आळशी ठरवतो. उद्या गर्भातच हा फरक भरून काढता आला तर त्यात अनैतिक काय? मुलाला संयम शिकवणाऱ्या आईबापांचं आपण कौतुकच करतो ना?

निशिगंध
पूर्ण असहमत. त्या मुलीला संप्रेरक दिलं, तिच्या जनुकांना कुणी हात लावला नाही. शिवाय ती आजारी होती. आजारावर उपचार नकोत असं इथं कुणीच म्हणत नाहीये.

६० टक्क्यांचा अर्थही तुम्ही ताणताय. तो आकडा लोकसंख्येतल्या फरकाचा आहे. एखाद्या माणसाच्या संयमाचे ६० टक्के जनुकांनी आणि ४० टक्के त्यानं कमावले, असं त्यातून निघत नाही. आणि आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. फेनिलकिटोन्युरिया हा पूर्णपणे जनुकीय विकार, शरीराला प्रथिनांतला एक घटक नीट पचवता येत नाही. पण जन्मल्यानंतर लगेच निदान झालं आणि प्रथिनं मोजूनमापून दिली, तर मेंदूची हानी टळते. तो आहार आयुष्यभर पाळावा लागतो. तिथं माणसाचा निग्रहच लागतो.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. घसरून परत आलेला माणूस समोर बसतो, मोबाईल काढतो आणि जुन्या सोबत्यांचे नंबर एकेक करून पुसतो. एका नंबरवर बोट थांबतं. बराच वेळ थांबतं. मग तोही जातो. त्या क्षणी जे घडतं ते त्या माणसाचं स्वतःचं असतं. तेच जर आईबापांनी जन्माआधी ठरवून बसवलेलं असेल, तर नंबर पुसला कुणी?

पाणवठा
व्यसनाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट दोघांच्याही हिशेबातून सुटतेय. व्हिएतनाम युद्धात कितीतरी अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. जनुकं तीच, माणसं तीच. परिस्थिती बदलली. ती बदलण्यावर कुणी बोलतच नाही.

अनुबंध
@निशिगंध, मोबाईलचा प्रसंग मनाला भिडला. पण त्या माणसाला तितकं झगडावं का लागलं? शेजारच्याला पहिल्या घोटानंतर दुसऱ्याची ओढच वाटली नाही, यानं मात्र निम्मं आयुष्य त्यात घालवलं. हा झगडा त्यानं निवडला नव्हता. आणि आईबापांनी बाळाची संमती घेतली नाही म्हणाल, तर आपोआप होणारे जनुकीय बदल तरी कुणाला विचारून होतात?

रक्तबिंदू
रक्तविकारांच्या रुग्णांसोबत काम करते, म्हणून लिहिते. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ चालली आहे.

एक, जन्मलेल्या माणसाच्या शरीरातल्या पेशी बदलणं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर (जनुकं कापून बदलण्याचं तंत्र) उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करायचा की जन्मानंतर मंदावलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागेल, आणि त्या परत सोडायच्या. लिहायला सोपं आहे. पण पेशी परत सोडण्याआधी हाडांच्या मगजात जागा करावी लागते, त्यासाठी जबरदस्त केमो. तोंड सोलवटतं, केस जातात, पाणी गिळणं नको होतं, पुढं मूल होण्याची शक्यता धोक्यात येते. कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागतात. हे सगळं समजून उमजून सही करणाऱ्याला जिद्द नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? इथं जनुकबदल आणि इच्छाशक्ती एकमेकांच्या विरोधात नाहीतच.

दुसरी गोष्ट भ्रूणाची. २०१८ मध्ये हे जियानक्वी नावाच्या संशोधकानं चीनमध्ये जुळ्या मुलींच्या भ्रूणांत सीसीआर५ हे जनुक बदलल्याचं जाहीर केलं. हेतू काय, तर एचआयव्हीपासून संरक्षण. पित्याकडून होणारा संसर्ग टाळण्याचे सुरक्षित मार्ग आधीच होते, गरजच नव्हती. आणि हे जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होतो. एका बाजूनं दिलं, दुसऱ्या बाजूनं काढून घेतलं. जियानक्वी यांना ३ वर्षांची कैद झाली. मुली मात्र तो बदल घेऊन जगणार, कदाचित त्यांची मुलंही.

आत्मसंयमाचं म्हणाल, तर बदलता येईल असं एक जनुक अस्तित्वातच नाही. नुसत्या उंचीशी जोडलेले १२,००० हून अधिक बारीक फरक २०२२ मध्ये समोर आले. स्वभावाचं गणित त्याहून सोपं नसणार.

अनुबंध
आज शक्य नाही म्हणून प्रश्न संपत नाही. शक्य झाल्यावर विचार करायला बसलो तर उशीर झालेला असेल.

निशिगंध
हे मान्य. म्हणूनच इतिहास सांगते. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. कारण काय दिलं? ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघी "मंदबुद्धी" आहेत आणि हा दोष वंशातून उतरतो. त्या काळी गरिबी, दारू, लग्नाआधीचं मातृत्व, सगळंच या एका शिक्क्याखाली जायचं. दुबळं मन रक्तातून येतं हा तुमचा मुद्दा, @अनुबंध, या लोकांनी तुमच्या कितीतरी आधी मांडला होता. तोही सहानुभूतीच्याच भाषेत.

अनुबंध
ती सरकारी बळजबरी होती. मी कुणाच्या घरात घुसायला सांगत नाहीये. हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार घ्या. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के धोका. ऐन उमेदीत हातपाय वेडेवाकडे हलू लागतात, मग बोलणं जातं, विचार जातो. कितीही जिद्द असली तरी तो आजार थांबत नाही. आपल्यानंतर घरात हे नको, असं एखाद्या बापाला वाटलं तर तुम्ही त्याला अडवणार?

निशिगंध
नाही अडवणार. हंटिंग्टनबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. कुठल्याही माणसाला, तो कसलंही आयुष्य निवडो, तो आजार नकोच असेल. शिवाय बहुतेक वेळा दोष नसलेला भ्रूण तपासून निवडता येतो, जनुकांची कापाकापीही लागत नाही.

पण संयम त्या यादीत घालू नका. संयम कोणासाठी? बहुतेक आईबापांना संयमी मूल हवं असतं म्हणजे सांगितलेलं ऐकणारं, तासन् तास अभ्यासाला बसणारं, उलट न बोलणारं मूल हवं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी लहानपणी असेच शहाणे होते. त्यांची इच्छाशक्ती पहिल्यांदा दिसली ती कुणाला तरी ठाम "नाही" म्हणताना, आणि घरच्यांना ती आवडली नव्हती. समजा तुमचं तंत्रज्ञान आलं, तुम्ही मुलाच्या स्वभावात संयम घातलात आणि विसाव्या वर्षी ते मूल तुमच्यासमोर उभं राहून म्हणालं, "माझ्यात हे घालायला नको होतंत." ते बोलणं तुम्ही त्याचं मानणार, की कुठेतरी संयम कमी पडला असं समजून दुरुस्तीच्या मागे लागणार?