ब्लाइंड टेस्टिंग : पांढऱ्या वाइनमध्ये आधी आंबटपणा की आधी वास?

वेलमांडव :
सोमेलियेच्या (वाइन निवडून वाढणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षेची तयारी करणारे लेबल न बघता वाइन ओळखताना ग्लास नाकाशी नेतात आणि लगेच द्राक्षाचं नाव ठरवून टाकतात. ही सवय मोडायला हवी. शाब्ली आणि मर्सो या वाइन दोन्ही फ्रान्समधल्या बर्गंडीच्या, दोन्ही शार्डोने द्राक्षाच्याच. पण मर्सोतला लोण्याचा वास मॅलोलॅक्टिक किण्वनात (जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात त्यात) तयार होणाऱ्या डायअसेटिल या रसायनाचा आणि व्हॅनिलाचा वास ओकच्या पिंपाचा. म्हणजे नाकाला द्राक्ष कमी आणि वाइन करणाऱ्याचा हातच जास्त कळतो. आधी आंबटपणा, गोडवा, अल्कोहोल, भरीवपणा (तोंडात जाणवणारा जडपणा) लिहा. आंबटपणा नुसत्या जिभेवर जोखू नका, साखर तो झाकते. घोट थुंकून मान खाली घाला आणि लाळ किती वेळ सुटते ते बघा.

नाकासमोर :
साफ असहमत. रीसलिंग आणि फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली शेनिन ब्लाँ, या दोन द्राक्षांच्या वाइन शेजारी ठेवा. दोन्ही कडक आंबट, दोन्ही कोरड्यापासून थेट गोडमिट्ट प्रकारापर्यंत मिळतात. तुमच्या वहीत दोघींच्या नोंदी सारख्याच येतील. फरक करतो तो वास : रीसलिंगला लिंबू आणि मुरल्यावर पेट्रोल, शेनिनला सफरचंद, मध, ओली लोकर.
शिवाय आंबटपणावर तरी भरवसा किती? उन्हाळी हवेत द्राक्ष पिकताना मॅलिक आम्ल भराभर कमी होतं, म्हणून उष्ण प्रदेशांत टार्टारिक आम्ल घालायची पद्धत आहे. उष्ण भागातली वाइन म्हणजे मऊच, असं धरून चालणारा इथेच फसतो.

वेलमांडव :
टार्टारिकचा मुद्दा मान्य. पण ऊन वासालाही सोडत नाही. सोव्हिन्याँ ब्लाँ द्राक्षाच्या वाइनमधला ढोबळ्या मिरचीचा वास पायराझिन या द्राक्षातल्या रसायनाचा, आणि द्राक्ष उन्हात पिकलं की पायराझिन घटतं. मिरचीच शोधत बसलात तर नाशिकच्या सोव्हिन्याँला भलतंच नाव द्याल.

तळघर :
दोघंही तापमान विसरताय. फ्रिजमधून ४ अंशांवर काढलेल्या वाइनचा वास मिटलेला असतो आणि आंबटपणा टोचतो, १८ अंशांवर अल्कोहोल नाकात जातं. मग नोंदी चुकणारच. सगळ्या बाटल्या १०–१२ अंशांवर आणा, एकाच आकाराच्या ग्लासांत प्रत्येकी ५० मिली ओता. सान्सेर (फ्रान्सची, तीही सोव्हिन्याँचीच), न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्याँ आणि तिसरी आल्बारिन्यो या दुसऱ्या द्राक्षाची घ्या. ग्लासच्या तळाला खूण करून दुसऱ्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा. प्रश्न एकच : वेगळं द्राक्ष कुठलं? आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय, फळाचा वास मेलेला असतो. त्या बाटलीवर सराव करूच नका.

नाकासमोर :
तापमानाचं पटलं. पण मास्टर सोमेलियेच्या परीक्षेत ६ वाइनना २५ मिनिटं असतात. लिची-गुलाबाचा वास आला की द्राक्ष गेवुर्झट्रामिनर. तिथे लाळ मोजायला वेळ कुठून आणायचा?

वेलमांडव :
गुलाब मस्कॅटमध्येही येतो, अर्जेंटिनाच्या टोरोंतेसमध्येही. गेवुर्झट्रामिनरला वेगळं काढतो तो तिचा नरम आंबटपणा आणि तेलकट भरीवपणा. त्याला एक घोट पुरतो.