आत्याचे ६०,००० आधी फेडू की कार्डाचे १,८०,०००?

समारोडवाला (वडोदरा)

नमस्कार मंडळी. हिशेब मला जमतो, अडचण मनाची आहे, म्हणून इथे विचारतोय.

माझ्यावर तीन कर्जं आहेत. घराचे साधारण १४ लाख बाकी आहेत, त्याचं मला काहीच वाटत नाही. क्रेडिट कार्डाचे १,८०,००० आहेत, बिलाची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. आणि आत्याचे ६०,००० आहेत. व्याज नाही, मुदत नाही, तिनं एकदाही विषय काढलेला नाही. माझी झोप उडाली आहे ती या साठ हजारांनी.

हे झालं कसं ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ते इथल्यांना सांगायला नको. आमचं घर तळमजल्यावर. बायको घरीच शिवणकाम करते. दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि गिऱ्हाइकांचं कापड, सगळं पाण्यात गेलं. त्यात फॉल-पिकोला आलेल्या लग्नाच्या साड्या होत्या. पाणी उतरल्यावर त्या उचलल्या तर एकीचा लाल रंग दुसरीच्या जरीत उतरलेला. बायकोनं त्या बादलीत धुतल्या, वाळत घातल्या, इस्त्री केली आणि मग काही न बोलता बाजूला ठेवल्या. त्या भरून देणं भागच होतं, नाहीतर तिचं इतक्या वर्षांचं नाव गेलं असतं. गणपती दहा दिवसांवर आलेले. माझी नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आणि तेव्हा ओव्हरटाइमही बंद होता. जी मदत मिळाली ती साफसफाईत आणि रंगात संपली. बाकीचं सगळं कार्डावर घेतलं.

आत्या दांडिया बाजारात जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर एकटी राहते. निवृत्त शिक्षिका आहे. रस्ते मोकळे झाल्या झाल्या ती रिक्षा करून आली, कापडी पिशवीतून पैसे काढले आणि म्हणाली, "आधी मशीन घे, बाकीचं नंतर बघू." एफडी मोडली होती हे मला मागाहून कळलं, तेही दुसऱ्याकडून.

तेव्हापासून काय होतंय ते लिहितो. लालबाग, दांडिया बाजार, काळाघोडा, फतेगंज हा माझा घरी यायचा सरळ रस्ता. आता मी हायवेनं फिरून येतो. सकाळी तिचा सुप्रभातचा मेसेज आला की आधी छातीत धडधडतं, मग उघडतो, तर आत फक्त दत्ताचा फोटो असतो. उन्हाळ्यात मुलासाठी केसर आंब्याची एक पेटी आणली आणि ती घरात ठेवताना वाटलं, हे आत्याच्या पैशाचे आंबे. गेल्या गौरींना तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिच्या चष्म्याची काडी पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळून बांधलेली होती, गाठीचं टोक कानामागे दिसत होतं. पुरणपोळी वाढायला ती वाकली की ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर यायची. घास उतरेना. कदाचित तिला तो चष्मा तसाच आवडत असेल, कदाचित दुकानात जायचा कंटाळा असेल. पण मला एकच दिसत होतं, की हिचे साठ हजार माझ्याकडे आहेत.

घराचं कर्ज घेतलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, लोकांनी अभिनंदन केलं होतं. त्याला कागद आहे, शेवटची तारीख आहे, हप्ता आपोआप कापला जातो. आत्याच्या पैशाला यातलं काहीच नाही.

घरखर्च आणि घराचा हप्ता जाऊन महिन्याला साधारण ११,००० उरतात. कार्डाचं मिनिमम, म्हणजे महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, भरलं की हातात दोनेक हजार राहतात. डोकं म्हणतं कार्ड आधी, मन म्हणतं आत्या आधी. ज्यांनी असं ओझं वाहिलंय त्यांनी काय केलं ते सांगा.

निवृत्त_रोखपाल (रावपुरा)

भाऊ, माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. तुम्हाला हिशेब येतो म्हणता, तरी एकदा माझ्याबरोबर करा. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, आणि बहुतेक कार्डांचं ते त्याच्या आसपास असतं, तर १,८०,००० वर ६,३०० रुपये व्याज होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१३४. मिनिमम पाच टक्के म्हणजे ९,०००. तुमच्या नऊ हजारांतून मुद्दल फिटलं किती? १,५६६ रुपये. शिवाय मागची बाकी राहिलेली असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली तर तिला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते कार्ड आजच कपाटात ठेवा.

घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड एकरकमी बंद करा. दर वर्षाला दहा टक्के धरला तरी महिन्याचं व्याज १,५०० येतं. तुम्ही जीएसटी धरून ७,४३४ देताय.

आणि फोन येत असतील तर घाबरू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली स्पष्ट सांगितलंय. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी माहितीचा नंबर १४४४८. थकलेलं कार्ड हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कोणी पोलीस उचलून नेत नाही. ही धमकी ऐकून रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली ज्या शहरात बँक काढली, त्या शहरात अजूनही सोनं तारण ठेवायला येणारा माणूस दाराकडे पाठ करून बसतो. एफडी करायला येणारा ऐसपैस बसतो. व्यवहार दोन्ही सारखेच कायदेशीर. हे मला शेवटपर्यंत बघवलं नाही.

इंदूरकरीण

दादा, तुमच्या घरात हे आकडे सगळ्यांना माहीत आहेत का? माझ्या नवऱ्याचं कर्ज मला वसुलीच्या फोनवरून कळलं. मी कणीक मळत होते, पिठाच्या हातानं फोन उचलला आणि पलीकडच्या माणसानं माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन रक्कम सांगितली. पैशाचं दुःख फार टिकलं नाही, ते आम्ही दोघांनी मिळून फेडलं. पण दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपून एकटा जागा होता आणि मला परकी समजत होता, हे अजून बोचतं. तुमच्या बायकोला एकटं पाडू नका, एवढंच सांगायचं होतं.

कारेलीबागची_आजी

तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

मी तुझ्या आत्याच्या जागी आहे. माझ्या भाच्याला मी धंद्यासाठी पैसे दिले होते. आकडा सांगत नाही, तुझ्यापेक्षा जास्त होता. धंदा चालला नाही. आधी तो दर गुरुवारी यायचा, मी साबुदाण्याची खिचडी करून ठेवायची. मग महिन्यानं यायला लागला. मग सणालाच. आला तरी खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि पाच मिनिटांत "येतो मावशी" करून उठायचा. आता फोनही त्याची बायको करते. लोकांना वाटतं, मला पैशाची चुटपुट आहे. अरे, पैसे देताना मी मनातून सोडले होते, या वयात एवढं कळतं. पोरगा सोडला नव्हता. तो गेला. त्याला वाटतं मी त्याच्याकडे पाहते तेव्हा मला पैसे दिसतात, आणि मी तर बघत असते की हा वाळला का एवढा.

तू हायवेनं फिरून जातोस ते तिला कळत नाही असं समजू नकोस. गच्चीत बसणाऱ्या बाईला कोण येतं आणि कोण यायचं थांबलं हे बरोबर कळतं.

माझ्या भाच्यानं महिन्याला पाचशे रुपये आणून दिले असते तरी मी ते घेतले असते. नको नको केलं असतं तोंडानं, पण घेतले असते. मी घेतले म्हणजे त्याला ताठ बसता आलं असतं. सगळे एकदम देईन तेव्हाच तोंड दाखवीन, हा हट्ट धरू नकोस. आम्हा म्हाताऱ्यांकडे तेवढा वेळ नसतो. आणि चष्म्याचं म्हणशील तर तिला विचार. सरळ विचार, "आत्या, चल, काडी बसवून आणू." पन्नास-शंभराचं काम आहे, त्याचा हिशेबाशी काही संबंध लावू नकोस.

तरसालीचा_मुलगा

आजींचं वाचून गलबलून आलं. तरी माझं थोडं वेगळं मत आहे. आत्याबाईंनी मागितले नाहीत म्हणून ते पैसे बिनव्याजी होत नाहीत. एफडी सात टक्क्यांची धरली तर वर्षाचे ४,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ३५० त्यांचे बुडताहेत. शिक्षिकेला पेन्शन असली तरी एकट्या बाईसाठी ते औषधाचे पैसे असू शकतात. प्रेम आहे म्हणून हिशेब ठेवायचा नाही, असं आपल्याकडे फार चालतं आणि त्यात नेहमी म्हाताऱ्या बायकांचंच नुकसान होतं. माझ्या आजीचं झालंय. तुम्ही साध्या वहीच्या पानावर लिहून द्या, रक्कम, तारीख, महिन्याला किती. त्यांनी नको म्हटलं तरी द्या. तुमच्या घराच्या कर्जाचं ओझं वाटत नाही कारण ते लिहिलेलं आहे, हे तुम्हीच वर म्हटलंय.

समारोडवाला (वडोदरा)

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं उत्तर मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. गच्चीच्या वाक्याला दोघंही थांबलो.

इंदूरच्या ताई, बायकोला सगळे आकडे पहिल्यापासून माहीत आहेत. पण माहीत असणं आणि बोलणं यात फरक आहे, तो तुमच्या लिहिण्यामुळे जाणवला. आम्ही वीजबिल, फी, रेशन यावर तासभर बोलतो आणि कार्डाचं पाकीट आलं की दोघंही टीव्ही बघतो. परवा रात्री बोललो. तिनं पूर आला तेव्हाच पाटल्या काढून दिल्या होत्या, मी घेतल्या नव्हत्या. तिच्या आईच्या आहेत. माझ्या तोंडून तेव्हा निघालं होतं की अजून तेवढी वेळ आलेली नाही. ती परवा म्हणाली, "तुझ्या आत्यानं एफडी मोडली तेव्हा ती वेळ नव्हती का? तिचं चालतं आणि माझं चालत नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला नाही म्हणताना मी तिला वाचवतोय असं मला वाटायचं. तिला मात्र ते बाजूला सारल्यासारखं वाटत होतं.

रविवारी दांडिया बाजारात गेलो. तरसालीच्या मित्रा, वहीचं पान नेलं होतं, महिना २,००० असं लिहून. आत्यानं ते वाचलं आणि शिक्षिकेसारखं एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. व्याजाचे ३५० तिनं खोडले. मी पुन्हा लिहिले, तिनं पुन्हा खोडले. शेवटी असं ठरलं की त्या पैशांची दर महिन्याला तिची बीपीची औषधं मी आणायची आणि हातात द्यायला स्वतः यायचं. पहिले दोन हजार तिनं मोजून घेतले. खरंच मोजले, दोनदा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिनं न मोजता उशीखाली सारले असते तर मी पुन्हा तसाच जड होऊन जिना उतरलो असतो. चष्म्याची काडी मात्र अजून तशीच आहे, दुकान रविवारी बंद होतं. या आठवड्यात जाऊ.

आता रोखपाल काकांना एक विचारायचं आहे. पाटल्या तारण ठेवून कार्ड पूर्ण बंद करायचं ठरवलंय. आमच्या कोपऱ्यावरचा एक जण म्हणतो, हप्ता घेऊ नका, वर्षभर फक्त व्याज भरा आणि शेवटी मुद्दल एकदम द्या, सोपं जातं. ते घ्यावं का?

निवृत्त_रोखपाल (रावपुरा)

नाही. वर्षअखेरीला १,८०,००० एकदम कुठून आणणार? मग कर्ज पुन्हा नवं करावं लागतं आणि पाटल्या तिथेच राहतात. दर महिन्याला मुद्दलही कमी होईल असाच हप्ता घ्या. कार्डाला जाणारे नऊ हजार आता तिकडे वळवले तरी दोन वर्षांच्या आत पाटल्या घरी येतील. वजन आणि कॅरेट तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या, पाटल्यांचा फोटो काढून ठेवा. कार्डाची पूर्ण रक्कम भरल्यावर बाकी शून्य असल्याचं पत्र मागा आणि कार्ड बंद करायचा अर्ज वेगळा द्या, तो आपोआप होत नाही. बँकेत जाताना सूनबाईंना बरोबर न्या, सोनं त्यांचं आहे.