मसाई पठारावरचा तुरेवाला
दादा, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या तुमच्या फोटोतल्या पक्ष्याला तुम्ही साईक्सचा चंडोल म्हणताय, पण मला तर तो मलबारी चंडोल वाटतोय. तुऱ्यावर जाऊ नका, तुरा दोघांनाही असतोय. छाती बघा: ठळक काळपट रेघा, शाईचं पेन झटकल्यागत. साईक्सची छाती तांबूस, रेघा बारीक आणि मोजक्याच. अंगानंही तो जरा लहान. दोघंही फक्त भारतातलेच. इंग्रज कर्नल साईक्सनं १८३२ मध्ये साईक्सच्या चंडोलाचं पहिलं वर्णन केलं, तेही आपल्या दख्खनातनंच. हा चंडोल कोरड्या, खडकाळ माळाचा गडी. मसाईसारख्या जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर मलबारीच जास्त. परत गेलात तर उडताना गातोय ते रेकॉर्ड करा. साईक्स दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला लई करतोय, मी स्वतः एकदा फसलोय.