तैपेईचं नाइट मार्केट आणि शाकाहारी आई: काय खावं, काय टाळावं?

तर्रीपोहे: नोव्हेंबरमध्ये पाच दिवस तैवानच्या तैपेईला चाललो. आई सोबत आहे, ती अंडंही खात नाही. मला सगळं चालते. नाइट मार्केटमध्ये तिच्यासाठी नेमकं काय मागायचं? मेट्रो, पैसे, व्हिसा यातलं काही आधी माहीत पाहिजे असेल तर तेही सांगा. नागपूरहून संत्री नेली तर चालतील का?

इतवारी_कट्टा: भाऊ, आईंचं पोट नाइट मार्केटच्या भरवशावर ठेवू नका. तिथे फक्त चटरपटर. जेवण आधी शाकाहारी भोजनालयात उरकायचं. पाटीवर बहुतेक ठिकाणी स्वस्तिक असते, आपल्यापेक्षा उलट्या दिशेनं वळलेलं बौद्ध स्वस्तिक. मांडलेल्या भाज्या, टोफू आपल्या हातानं ताटात घ्यायच्या आणि वजनावर पैसे द्यायचे. सहाच्या आत पोचा, उशिरा गेलं की भांडी रिकामी दिसतात. चिकनसारखे तुकडे दिसले तर दचकू नका, ते सोयाबीन किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे असतात.

‘शाकाहारी’ एवढंच म्हटलं तर अंडं येऊ शकते. ‘छ्वान सू’ म्हणा, म्हणजे अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नाही. जैन मंडळींनाही हे सोयीचं, फक्त कंदमुळं चालतात का ते आपलं आपण पाहा. उच्चारावर विसंबू नका, चिनी पारंपरिक लिपीत लिहून मोबाइलवर ठेवा आणि दाखवा.

फुटाळा_चौपाटी: आता ठेल्यांबद्दल. फसवणारी गोष्ट म्हणजे कांद्याच्या पातीचा पराठा. दिसतो साधा, पण पिठात किंवा तव्यावर डुकराची चरबी असू शकते आणि वरून अंडं फोडतात. वासाचा टोफूही तसाच: ज्या आंबवलेल्या पाण्यात तो मुरवतात, त्यात बरेचदा सुकी कोळंबी किंवा मांस असते. तळणीचं तेल वेगळं असेलच असं नाही, मशरूम असो की बीन्स.

आईंसाठी रताळ्याचे गोळे घ्या. रताळं आणि टॅपिओकाचं (साबुदाणा ज्याचा होतो त्याच कंदाचं) पीठ, तेलात दाबून दाबून तळतात म्हणून आतून पोकळ फुगतात. कागदी पिशवीचं तोंड उघडं ठेवा, बंद केलं की वाफेनं लगेच बसतात. तेल मात्र विचाराच. दोउहुआ म्हणजे सोया दुधाचं मऊ दह्यासारखं, वरून पाक आणि उकडलेले शेंगदाणे, थंडीत आल्याचा गरम पाक. बबल टी म्हणजे टॅपिओकाचे गोळे घातलेला चहा, साबुदाण्याचीच बहीण. साखर अर्धी सांगा, नाहीतर गोड मिट्ट. काहीच जमलं नाही तर सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांमध्ये भाजलेलं गरम रताळं मिळते.

तुमच्यासाठी राओहे मार्केट. हिरव्या लाइनवर सोंगशान स्टेशन, एक्झिट ५. मंदिराजवळच्या टोकालाच मिरीचे पाव, मातीच्या तंदुरीच्या भिंतीला चिकटवून भाजलेले, आत डुकराचं मांस. पहिला घास मोठा घेऊ नका, आतला उकळता रस जीभ पोळवतो. बाकी सावजीची सवय असेल तर इथलं सगळं जरा फिकंच.

मेट्रो_सीताबर्डी: संत्री घरीच ठेवा जी. ताजी फळं तैवानमध्ये नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थ तर अजिबात नाही. डुकराच्या मांसावर पहिल्याच खेपेला २,००,००० तैवानी डॉलरपर्यंत दंड आहे.

स्टेशनवर इझीकार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, घ्या. १०० तैवानी डॉलर कार्डाचे, ते परत मिळत नाहीत. मेट्रो, बस, सेव्हन-इलेव्हन, सगळीकडे चालते. ठेल्यांवर मात्र रोख लागते, तेही सुटे. हजारची नोट काढली की ठेलेवाला तोंड पाहत राहतो.

बबल टी हातात घेऊन मेट्रोत चढू नका. फाटकाच्या आत खाणं, पिणं, च्युइंगम, सगळं बंद, पाण्याचा घोटही नाही. दंड १,५०० ते ७,५०० तैवानी डॉलर. रस्त्यावर कचरापेट्या फार कमी, म्हणून रिकामी पिशवी सोबत ठेवा.

वीज ११० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा, आपला गोल पिनांचा बसत नाही. चार्जरवर १००–२४० लिहिलं असेल तर नुसता अॅडॉप्टर पुरे. आपल्याकडची केटली तिथं नीट तापणार नाही.

व्हिसा: अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा जपानचा वैध व्हिसा असेल तर ऑनलाइन प्रवास परवाना मोफत मिळतो. नसेल तर मुंबईत २०२४ मध्ये तैवानचं कार्यालय सुरू झालं आहे, दिल्लीला जायची गरज नाही.

तर्रीपोहे: संत्री राहिली घरी! रताळ्याचे गोळे ठरले.