भायले (बाहेरचे), घाटी आणि आपलं गोंयकारांचं मन: पूर्वग्रह येतो कुठून?

फोंडेकर:
गेल्या वर्षी घरामागची खोली भाड्याने द्यायची होती. बागलकोटचा एक प्लास्टरचं काम करणारा तरुण बायकोला घेऊन आला. बोलणं मऊ, आगाऊ पैसे द्यायला तयार. "खोली गेली," मी सांगितलं. गेली नव्हती. पुढे दोन महिने ती रिकामीच राहिली, तेवढं भाडं बुडालं, तरी मला हायसं वाटत होतं. कशाचं?

उत्तर मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलच्या प्रयोगात सापडलं. १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने शाळकरी मुलांना सांगितलं की क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली, यावरून दोन गट पाडलेत. खरं तर कोणालाही कुठेही टाकलं होतं. ना ओळख, ना भांडण. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, अशीही निवड केली. माझं बुडालेलं भाडं म्हणजे हेच. दुजाभावाला कारण लागत नाही, 'आमचे' आणि 'भायले' एवढी रेघ पुरते, असं माझं मत झालंय.

पेडणेकार:
पटलं नाही. ब्रिस्टलच्या पोरांचं जाणार काय होतं? आमच्या पेडणे तालुक्यात मोपा विमानतळासाठी जमिनी गेल्या, आता उरलेल्या डोंगरांवर डोळा आहे. त्या भीतीला मनाचा खेळ म्हणू नका. त्यापेक्षा मुझफ्फर शेरीफ जवळचा वाटतो. १९५४ साली ओक्लाहोमातल्या शिबिरात त्याने मुलांच्या दोन गटांत बक्षिसांची चढाओढ लावली आणि गोष्ट झेंडा जाळण्यापर्यंत गेली. मग पाण्याची टाकी मुद्दाम बंद पाडली. दोन्ही गटांना मिळून खटपट करावी लागली, अशी आणखी कामं पडली, तसतसा ताव उतरत गेला. भांडण वाट्याचं असतं.

फोंडेकर:
दादा, पण डोंगर घेतो कोण? बंगला बांधणारा दिल्लीवाला. त्याला आपण खुर्ची देतो, आणि 'घाटी', घाटापलीकडचा, म्हणून हिणवतो बागलकोटच्या मजुराला. वड्याचं तेल वांग्यावर. येल विद्यापीठातल्या डोलार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये हेच मांडलं होतं: ज्याच्यावर राग काढता येत नाही त्याला सोडून तो दुबळ्यावर निघतो.

म्हापशाची सून:
'घाटी' मी स्वतः ऐकलंय. माहेर कोल्हापूर. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी शुक्रवारच्या बाजारात माझा कोल्हापुरी हेल कानावर पडला की भाजीवालीचा आवाज बदलतो. आणि सांगायला लाज वाटते, बसमध्ये शेजारी कोणी कन्नड बोलू लागलं की मीही पर्स जवळ ओढायचे.

गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये लिहिलं की गट एकमेकांच्या सहवासात आले की पूर्वग्रह ओसरतो, पण त्याला अटी आहेत: दर्जा सारखा हवा, उद्देश एक हवा, काम मिळून हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. आपल्याकडे सहवास रोजचा आहे. दर्जा कुठे सारखा आहे? आमच्या घराचं प्लास्टर चाललं होतं तेव्हा कामगारांचे पेले अंगणातल्या नळापाशी वेगळे ठेवले होते. दोन महिने माणसं रोज आली. घरात कोणालाही त्यांच्यातल्या एकाचं नाव ठाऊक नाही. मलाही नाही.

डिचोलीकर:
ताई, तो वेगळा पेला भायल्यांसाठी नव्याने आलेला नाही. माझ्या आजोबांसाठीही तो असायचा, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीतले. त्यांचा गट काही चित्रं दाखवून पाडला नव्हता. म्हणून हे प्रयोग मला अपुरे वाटतात. 'मन असंच असतं' म्हटलं की करणारा सुटतो. कोणाला कुठला पेला द्यायचा हे पोराला कोणीतरी हाताला धरून दाखवतं. त्या हाताबद्दल बोला.

फोंडेकर:
मान्य. रेघ ओढायची खोड मनाची, पण कुठे ओढायची ते घर शिकवतं. त्या तरुणाला मी सगळ्यात आधी आडनाव विचारलं होतं. वर लिहिताना तेवढं गाळलं.

पेडणेकार:
वड्याचं तेल वांग्यावर, हे मलाही लागलं. मजुरावरचा राग चुकीचा, हे मागे घेतो. पण जमिनीचा प्रश्न मनातला नाही, तो एक-चौदाच्या उताऱ्यावर, जमिनीच्या सरकारी नोंदीत आहे. डोंगर विकायला निघालेला भाटकार (जमीनदार) आमच्याच गावचा आहे, आणि येत्या ग्रामसभेत मी त्याचंच नाव घेणार आहे.