फॉस्टर वि. कावी, स्पिंक्स वि. बिवोल, जोन्स वि. चार्ल्स: १७५ पौंडांतल्या काल्पनिक लढती

दूरचा_जॅब
बॉक्सिंगमधल्या लाइट हेवीवेट गटाच्या काल्पनिक लढतींची चर्चा बहुतेक वेळा "तो उंच आहे, हात लांब आहेत, म्हणून तोच जिंकणार" इथेच अडकते. बॉब फॉस्टर ६ फूट ३ इंच, ड्वाइट मुहम्मद कावी जेमतेम ५ फूट ७ इंच. वजनाची मर्यादा दोघांनाही तीच, १७५ पौंड म्हणजे ७९.४ किलो. दोघेही ऐन भरात असताना समोरासमोर आले तर? आणखी दोन जोड्या: मायकल स्पिंक्स वि. दिमित्री बिवोल, रॉय जोन्स वि. एझर्ड चार्ल्स. नुसतं विजेत्याचं नाव नको. लढत कुठल्या अंतरावर आणि कुठल्या ठोशावर फिरेल, ते हवं आहे.

आडवा_पाय
आधी नियम ठरवा, नाहीतर दोघं दोन वेगळ्याच लढतींवरून भांडत बसतात. फॉस्टर १५ राउंडच्या काळातला. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने १९८३ पासून १२ राउंड केले, बाकीच्या संघटना १९८८ पर्यंत तिथे आल्या. पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता ते आदल्या दिवशी होतं, त्यामुळे खेळाडू रातोरात बरेच पौंड भरून काढतो. मी १५ राउंड आणि त्याच दिवशीचं वजन धरतो.

आता फॉस्टर-कावी. बुटक्या माणसाने जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) बाहेरून आत शिरायचं, हे सगळे सांगतात. फॉस्टरसमोर नेमकं तिथेच फसायला होतं. त्याचा डावा जॅब चुकवायला कावी स्वतःच्या उजवीकडे डोकं काढणार आणि फॉस्टरचा डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) त्याच बाजूने येतो. जॅब पूर्ण मागे न घेता त्याच हाताचा हुक मारणं ही फॉस्टरची खासियत होती. मे १९६८ मध्ये डिक टायगरला चौथ्या राउंडला झोपवलं ते डाव्या हुकनेच. टायगर आयुष्यात तेवढ्या एकदाच नॉकआउट झाला. बरं, कावी डावीकडे चुकवायला गेला तर डोकं फॉस्टरच्या उजव्या हातासमोर येतं. नुसतंच खाली वाकला तर उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) आहेच.

म्हणजे कावीला एका हालचालीत आत जाता येणार नाही. पहिला जॅब हाताने बाजूला सारायचा, तिथेच अर्धं पाऊल सरकायचं, दुसऱ्या जॅबला गुडघ्यात वाकायचं (कमरेत नाही, कमरेत वाकलं की नजर जमिनीकडे जाते) आणि मग डावा हुक बरगडीखाली. डोक्याच्या मागे लागायचंच नाही. पहिले सहा राउंड फक्त पोट आणि दंड.

माझा कौल: पाचव्याच्या आत फॉस्टर. आठव्यापर्यंत कावी उभा राहिला तर कावी.

बरगडी
बाकी सगळं पटतं, शेवटचा कौल नाही. या लढतीचा सर्वांत जवळचा खरा पुरावा म्हणजे १८ मार्च १९८३ची स्पिंक्स-कावी लढत. स्पिंक्सही सव्वासहा फुटांच्या आसपासचा. १५ राउंड झाले आणि तो गुणांवर जिंकला. कसा? जॅब मारायचा, तिथे न थांबता बाजूला वळायचं आणि कावी छातीला भिडला की धरायचं. आठव्या राउंडला स्पिंक्स पडला ते पुन्हा पाहा. कावीचा पाय त्याच्या पायावर आहे, तरी रेफरीने नॉकडाउन मोजलं. बुटका माणूस आत शिरतो तेव्हा दोघांचे पुढचे पाय एकाच जागेसाठी झगडत असतात. उंच खेळाडूने पुढचा पाय वेळेत उचलला नाही तर तोल त्याचाच जातो.

फॉस्टर स्पिंक्ससारखा बाजूला वळत नव्हता. ताठ उभा राहायचा, पुढे यायचा, मागे जायचं झालं तर सरळ रेषेत जायचा. हलत राहणाऱ्यांनी त्याला लांब खेचलं आहे: १९७२ मध्ये ख्रिस फिनेगन चौदाव्यापर्यंत टिकला आणि १९७३ मध्ये पिएर फुरीने दोन्ही लढतींत पूर्ण १५ राउंड काढले. जो फ्रेझरने १९७० मध्ये त्याला दुसऱ्याच राउंडला संपवलं हे लोक कावीच्या बाजूने सांगतात, पण तो दाखला इथे लावू नका. फ्रेझर त्या दिवशी जवळपास २० पौंड जड होता.

तरी मी फॉस्टरच म्हणतो, सहाव्या-सातव्यात. आत शिरायला कावीला प्रत्येक वेळी दोन-तीन जॅब पार करावे लागतील आणि फॉस्टरचा जॅब अंतर मोजण्यापुरता नव्हता, त्याने मान मागे जायची.

दूरचा_जॅब
मग फॉस्टरसमोर कावीऐवजी आर्तुर बेतरबियेव्ह ठेवला तर? तो ६ फुटांचा, म्हणजे बुटका नाही.

आडवा_पाय
बेतरबियेव्हला जास्त संधी. उंच माणसांशी तो कसा वागतो ते रिंगमध्ये दिसलेलं आहे: २०१९ मध्ये ग्वोझ्दिक दहाव्या राउंडला, जानेवारी २०२४ मध्ये ६ फूट ३ इंचांचा कॅलम स्मिथ सातव्याला संपला. तो डोकं फारसं हलवत नाही. गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात) घट्ट, जॅबला जॅब आणि लहान पावलांनी समोरच्याला दोरापर्यंत रेटणं. त्याचे ठोसे छोटे असतात, क्लिंचमधून (एकमेकांना धरून ठेवलेल्या स्थितीतून) सुटतानाही एखादा लागतो. पण फॉस्टरच्या हुकसमोर न हलणारं डोकं हा मोठाच धोका. मी कुणालाच साठ टक्क्यांच्या वर देणार नाही.

तिरपा_कोन
स्पिंक्स-बिवोलबद्दल. बिवोलचा खेळ लयीवर चालतो: दोन्ही पायांवर हलकी उसळी, एक-दोन (जॅब आणि लगेच उजवा), लगेच मागे. मे २०२२ मध्ये कॅनेलो अल्वारेझला त्याने याच अंतरावर अडवलं. कॅनेलोचे बरेच ठोसे दंडावर आणि गार्डवरच आदळत होते. बेतरबियेव्हशी ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पंचांच्या बहुमताने हरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बहुमतानेच जिंकला. म्हणजे सततच्या दाबाला तोंड देणं त्याला जमतं.

स्पिंक्स दाब देत नाही, लय मोडतो. त्याचा उजवा हात वरून वळून येतो, मध्येच अर्धा ठोका थांबून, आणि नेमका तेव्हा बिवोल मागच्या पायावर गेलेला असतो. बिवोलची सवय अशी की सरळ मागे सरकून गार्ड उंच करायचा. असा वरून येणारा हात त्या गार्डच्या मागे, कानाजवळ बसतो. बिवोलने दर तिसऱ्या-चौथ्या वेळी डावीकडे, म्हणजे स्पिंक्सच्या उजव्या हातापासून दूर... नाही, थांबा, ऑर्थोडॉक्स वि. ऑर्थोडॉक्समध्ये (दोघांचाही डावा हात पुढे) दूर म्हणजे स्वतःच्या उजवीकडे. तर उजवीकडे निघायला हवं. १२ राउंड असतील तर बिवोल ७-५ राउंडने. १५ असतील तर स्पिंक्स, त्याचा उजवा हात शेवटपर्यंत जड राहायचा.

बरगडी
जोन्स-चार्ल्सचं थोडक्यात. जोन्सचा डावा हात कमरेपाशी असतो आणि तो जॅबऐवजी डाव्या हुकनेच सुरुवात करतो. समोरचा झेपावत आला की तो जिंकतो. मार्च १९९७ मध्ये माँटेल ग्रिफिन झेपावला नाही: खाली वाकून थांबला, जोन्स आत आल्यावरच मारलं. जोन्सला डिसक्वालिफाय (बाद) करेपर्यंत लढत अटीतटीची होती. ऑगस्टमधल्या परतीच्या लढतीत मात्र जोन्सने त्याला थांबायलाच दिलं नाही, पहिल्याच राउंडला संपवलं.

चार्ल्स थांबू शकतो आणि त्याचा सरळ उजवा त्या खाली सोडलेल्या डाव्या हातावरून थेट जातो. आर्ची मूरसारख्या कसलेल्या माणसाला त्याने १९४६ ते १९४८ मध्ये तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा आठव्या राउंडला नॉकआउट. पहिले चार राउंड वेगाच्या जोरावर जोन्सचे. त्यानंतर चार्ल्सने बरगड्या मारून त्याचे पाय जड केले तर गुणांवर चार्ल्स. मात्र सुरुवातीलाच तो जोन्सच्या मागे धावला, तर हा हिशेब उलटतो.